पट्टी घरी येते तेव्हा

बाजार बसला की काटकसरीचे सल्ले सुरू होतात. बाहेरचं खाणं बंद करा, कपडे पुढच्या वर्षी घ्या. मुखेड तालुक्यातल्या कोरडवाहू घराला यातलं काय लागू पडतं? तिथं मंदी कळते ती मोंढ्यात माल विकल्यावर मिळणाऱ्या हिशेबाच्या पट्टीवरून.

ऑगस्ट २०२१मध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलमागे दहा हजारांच्या आसपास गेलं. तेव्हा बहुतेकांचं सोयाबीन शेतात उभं होतं. रास होईपर्यंत भाव उतरला. तरी तो आकडा मनातून गेला नाही. २०२४-२५ला हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि मोंढ्यात मिळत होते चार हजारांच्या आगेमागे. त्या सप्टेंबरात केंद्राने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, तेव्हा आता भाव येणार अशी आशा लागली. दिवाळीच्या तोंडावर महागलं ते तेल. सोयाबीन होतं तिथंच राहिलं. स्वतःच्या शेतातला माल स्वस्तात घालायचा आणि फोडणीचं तेल महागात आणायचं, हे एकाच घरानं एकाच महिन्यात केलं.

हमीभावाने सरकारी खरेदी होतीच. पण आधी नोंदणी, मग ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा, पुढे तो पंधरापर्यंत चालवून घेतला, आणि शेवटी पैसे खात्यात पडायची वाट. लक्ष्मीपूजन कुणासाठी थांबतं?

आमच्या वहिनीच्या हातात पट्टी येते तेव्हा दादाने तिची घडी घातलेली असते. ती उलगडून वहिनी आधी खालची रक्कम बघते, मग वरची. मधे हमाली, तोलाई आणि आडत्याकडून आधीच घेतलेली उचल. उरलं त्यातून बी-खताची उधारी, बचत गटाचा हप्ता, पोराची फी. जुलै २०२४पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार सुरू झाले, त्यांची वाट गटाच्या हप्त्याकडेच असते. नोटा मोजून वेगळ्या ठेवताना ती काही बोलत नाही. त्यानंतर घरात पहिलं काय कमी होतं? दूध. मग तिच्या बीपीच्या गोळ्या, एक दिवसाआड. दादाची तंबाखू शेवटपर्यंत चालू असते. हे लिहिताना मला राग येतो आणि तो यावा असंच मला वाटतं.

आईच्या संसारातही पैसा नव्हता, पण बळदात ज्वारी होती. बहात्तरच्या दुष्काळात बळद रिकामं झालं आणि लोक खडी फोडायला गेले, ते तिने भोगलंय. तेव्हा जुने दिवस सुखाचे होते असं मी म्हणणार नाही. फरक इतकाच, की पाऊस झालेल्या साली नुसता भाव पडला म्हणून तिच्या घरातली भाकर कमी होत नसे. सोयाबीनची भाकर होत नाही. ते विकावंच लागतं, आणि मग ज्वारीही दुकानातून आणावी लागते. घरात धान्य असलं म्हणजे सगळं निभावतं असंही नाही. ऑगस्ट २०२५मध्ये आमच्याच तालुक्यातल्या रावणगाव, हसनाळला पुराचं पाणी शिरलं तेव्हा साठवलेलं धान्यही गेलं. पण दर वर्षी येणारं संकट भावाचं आहे.

म्हणून मला वाटतं, घरखर्चाचा खरा निर्णय पेरणीच्या वेळीच होऊन जातो, आणि त्या बैठकीत घर चालवणारी बाई नसते. तिच्या हाती येते ती उरलेली रक्कम आणि वर काटकसरीचा उपदेश. गेल्या रब्बीत वहिनीने विहिरीकडचा तुकडा ज्वारीला मागितला. दादा म्हणाला, हरभऱ्याचे जास्त होतील. ती म्हणाली, “हरभऱ्याचे पैसे येतेत आन् जातेत. ज्वारी घरात ऱ्हाती, कडबा म्हशीला व्हतो.” बरेच दिवस वाद चालला. शेवटी अर्ध्या तुकड्यात ज्वारी पडली. यंदा ती पूर्ण तुकडा मागणार आहे, आणि मी तिच्या बाजूने बोलायला गावी जाणार आहे.