पेटीतली तीन पुस्तके

आमच्या वर्गात एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात पुस्तके आहेत. दर शनिवारी सकाळची शाळा सुटताना गुरुजी पेटी उघडतात आणि आम्ही सगळे तिच्यावर तुटून पडतो. नियम असा की एक पुस्तक एक आठवडा. हा नियम मी मोडला आहे. का मोडला ते पुढे सांगतो.

माझे आईबाबा दसरा झाल्यावर ऊस तोडायला गेले. मागच्या वर्षी मीपण गेलो होतो, पण शाळा बुडाली आणि माझे वाचन फार मागे पडले. म्हणून या वर्षी मी आजीपाशी राहिलो. संध्याकाळी घर फार मोठे वाटते. मग मी मोठ्याने वाचतो.

पहिले पुस्तक मिळाले ते चिं. वि. जोशी यांचे ‘चिमणरावाचे चऱ्हाट’. चिमणराव किडकिडीत आणि त्याचा भाऊ गुंड्याभाऊ आडदांड. दोघे मिळून काहीतरी करायला जातात आणि भलतेच होऊन बसते. भाषा जुनी आहे, काही शब्द मला कळले नाहीत, तरी हसू येते. रात्री आठ वाजता बाबांचा फोन येतो. मी म्हटले, “बाबा, चिमणरावाचं चऱ्हाट वाचून दाखवू का?” बाबा म्हणाले, “चऱ्हाट? आपल्या बैलाचं असतंय तेच का रं?” मी म्हटले, “तेच, पण हे गोष्टीचं हाय. लांबतच जातंय.” बाबांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. शेजारच्या कोपीतली माणसेपण येऊन बसली. मला नुसते हसणे ऐकू येत होते. सगळ्यांत मोठ्याने आई हसत होती. पहाटे चारला उठायचे असते, तरी ते म्हणाले अजून एक वाच.

दुसऱ्या पुस्तकाला मुखपृष्ठच नाही, म्हणून नाव सांगता येत नाही. त्यात जंगलांची हकिकत आहे. हिमालयात चमोली जिल्ह्यात रेणी नावाचे गाव आहे. २६ मार्च १९७४ ला तिथे झाडे तोडायला ठेकेदाराची माणसे आली. गावातले पुरुष त्या दिवशी बाहेरगावी गेलेले. मग गौरादेवी गावातल्या बाया घेऊन जंगलात गेल्या. त्यांनी माणसांना अडवले, रात्रभर राखण केली आणि झाडे वाचवली. त्याला चिपको म्हणतात. (आमच्या गावात दसऱ्यानंतर बायापण नसतात. तेव्हा कोणी आले तर आजीलाच जावे लागेल.)

हे आजीला वाचून दाखवले. मला वाटले ती खूश होईल. पण ती गप्पच बसली. मग म्हणाली, “आपल्या डोंगरावर बी धावडा होता, पळस होता. बहात्तरच्या दुष्काळात मी तुझ्याएवढी व्हते. खडी फोडायच्या कामावर जायचो, सुकडी मिळायची. पोटाला काय नव्हतं. मग झाडं तोडली, मोळ्या इकल्या. बाहेरचं कोन आलं न्हाई रं. आपलीच कुऱ्हाड.” हे कोणत्याच पुस्तकात नाही. म्हणून मी वहीत लिहून ठेवले आहे. आजी म्हणाली, “माझं नाव नको घालू.” मी नाही घातले.

तिसरे पुस्तक साने गुरुजींचे ‘श्यामची आई’. ते त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात त्यांच्या लहानपणीच्या आठवणी आहेत आणि धड्यांना रात्र म्हणतात. अशा ४२ रात्री आहेत. श्याम पोहायला घाबरतो तेव्हा आई त्याला शिमटीने मारून विहिरीवर पाठवते. ते वाचल्यावर फोनवर आई म्हणाली, “बघ, मी तर तुला कमीच मारते.”

मी रोज एक रात्र वाचत होतो. पण एका मोठ्या मुलाने मला शेवट सांगून टाकला. शेवटी श्यामची आई जाते आणि श्याम तेव्हा लांब असतो. त्या दिवशी मी पस्तिसाव्या रात्रीवर थांबलो. फोनवर आईने विचारले, “आज का वाचत न्हाईस?” मी म्हटले, “पुस्तक शाळेत परत दिलं.” हे खोटे बोललो. पुस्तक माझ्या दप्तरातच आहे. आईला वाचता येत नाही, पण हे कोणी तिला वाचून दाखवले तर मला चालेल.

गुरुजींना मी सगळे खरे सांगितले. ते काही बोलले नाहीत. पेटीच्या वहीत माझ्या नावापुढे त्यांनी ‘पाडव्यापर्यंत’ असे लिहिले.

७ रात्री उरल्या आहेत. त्या आई आल्यावर तिच्याजवळ बसून वाचणार. ज्यांना हे पुस्तक पाहिजे असेल त्यांनी तोपर्यंत चिमणराव न्यावा. तो पेटीत वरच ठेवला आहे.

— इयत्ता ४ थी