वाचण्याला पर्याय

वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापकांच्या निवडीला बसलं, की उमेदवार खोलीत येण्याआधी त्याचे आकडे टेबलावर आलेले असतात. पेपर किती, सायटेशन (म्हणजे इतरांच्या पेपरांत झालेले उल्लेख) किती, एच-इंडेक्स किती. पीएसएम (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागात हयात गेल्यामुळे मला आकड्यांचं वावडं नाही; बालमृत्युदरापासून लसीकरणाच्या टक्क्यांपर्यंत आमचा सारा कारभार आकड्यांवरच चालतो. तरीही कुणाच्या आयुष्यभराच्या कामाचा एका अंकात उरकलेला गोषवारा पाहिला, की मला शंभुनाथ डे आठवतात.

डे कलकत्ता मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजीचे प्राध्यापक होते. रॉबर्ट कॉख यांनी 1884 मध्ये त्याच शहरात कॉलऱ्याचा जंतू वेगळा केला आणि तो काही विष सोडत असावा, असा तर्कही मांडला. ते विष पुढं पाऊणशे वर्षं कुणाच्या हाती लागलं नाही. डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही टोकांना बांधला आणि जंतू वाढवून मग ते पूर्णपणे गाळून टाकलेला द्रव त्यात टोचला. जंतू नसतानाही आतडं पाण्यानं टम्म फुगलं. शरीरातलं पाणी ओढून काढणारं ते विष अखेर सापडलं होतं. 1959 मध्ये ‘नेचर’नं हा लहानसा पेपर छापला. सुरुवातीला त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. डे 1973 मध्ये निवृत्त झाले. 1978 मध्ये नोबेल प्रतिष्ठाननं कॉलऱ्यावरच्या परिसंवादाला त्यांना बोलावलं. आपल्याकडच्या एकाही विज्ञान अकादमीनं त्यांना फेलो मात्र केलं नाही.

1985 मध्ये डे वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या कामाची थोरवी सांगणारा लेख लिहिला तो युजीन गारफिल्ड यांनी. सायटेशन मोजण्याची रीत ज्यांनी रूढ केली, तेच हे गारफिल्ड. त्यांनी 1955 मध्ये सायटेशनच्या सूचीची कल्पना मांडली ती माणसांना गुण देण्यासाठी नव्हे. एखादा पेपर आधाराला घेण्यापूर्वी त्यावर पुढं कुणी काय आक्षेप घेतले, हे अभ्यासकाला शोधता यावं, हा मूळ हेतू होता. म्हणजे ही सूची वाचनाकडं नेणारी वाट होती. आपण तिचा उपयोग वाचन टाळण्यासाठी केला.

मोजणीला स्तुती आणि खंडन यांतला फरक कळत नाही. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा 1998 मधला पेपर ‘लॅन्सेट’नं 2010 मध्ये मागं घेतला. त्याचे उल्लेख भरमसाट आहेत, आणि बहुतेक त्याला खोडून काढणारे. 2005 मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं सुचवलेला एच-इंडेक्स तर आणखी गमतीचा. प्रत्येकी किमान वीस उल्लेख मिळालेले वीस पेपर असले, की तुमचा अंक वीस. एकच पेपर लिहिला आणि त्यानं जग हलवलं, तर तुमचा अंक एक.

आरोग्याच्या संशोधनात आणखी एक अडचण आहे. उल्लेख मोजले जातात ते लिहिणाऱ्यांचे. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या 39 गावांत स्थानिक बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये हा पेपर ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि त्याला उल्लेखही भरपूर मिळाले. पण देशभरातली आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जाते, बाळाचं वजन करते, ताप पाहते, तेव्हा तीही त्याच कामाचा आधार घेत असते. ती पेपर लिहीत नाही, म्हणून तिची नोंद कुठल्याच यादीत होत नाही.

असं असलं तरी आकड्यांना सरसकट झोडपणं मला पटत नाही. आकडे नव्हते तेव्हा निवडी कशा होत, हे माझ्या पिढीनं पाहिलंय. कोण कुणाचा विद्यार्थी, कुणाचा फोन आला, यावर खुर्ची ठरायची. आडगावच्या, ओळखपाळख नसलेल्या मुलीला हाच अंक आज आधार देतो. चिठ्ठीपेक्षा अंक बरा.

पण अंकही पुरेसा नाही, म्हणून मी मधल्या काळात मुलाखतीत एक प्रश्न विचारू लागलो: तुमच्या संशोधनानं कुणाचं काम बदललं? प्रश्न मोठा बाणेदार वाटायचा. मग लक्षात आलं, की 1965 मध्ये हाच प्रश्न डे यांना विचारला असता, तर त्यांच्यापाशीही सांगण्यासारखं फारसं काही नसतं. उपयोगाचं मापही उल्लेखांइतकंच उशिरा भरतं. ते भरण्याआधी त्या कामाची किंमत ओळखायला एकच रस्ता होता: तो पेपर वाचणं.

तेव्हा आता माझं म्हणणं साधं आहे. उमेदवारानं स्वतःचा एक पेपर निवडून द्यावा, समितीनं तो वाचून यावा आणि बोलणं त्यावरच व्हावं. यावर उत्तर येतं, वेळ कुणाला आहे? ज्याच्या पुढच्या सबंध नोकरीचा निकाल आपण लावणार, त्याला अर्धा तास देणं जमत नसेल, तर तज्ज्ञांची समिती तरी कशाला हवी? बेरीज काय, ऑफिसातला क्लार्कही करील.