चुकीच्या टोकाकडून

स्पीकर आधी घेतले, ही पहिली चूक. घरी गाणी बनवायची म्हटलं की डोळ्यांपुढे येणाऱ्या चित्रात टेबलाच्या दोन बाजूंना दोन काळे स्टुडिओ मॉनिटर असतातच. मीही पाच इंची जोडी आणली आणि वर हप्त्यानं सब-वूफर. खोली मात्र फ्लॅटमधली मागची, दहा बाय दहाची. चौरस खोली संगीताला वाईट, हे मला कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला विचारलंच नाही. दहा फुटांवर समोरासमोर उभ्या असलेल्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्‌झचा आवाज अडकून घुमतो. लांबी आणि रुंदी सारखी असली की चारही भिंती त्याच आवाजाला धरून बसतात. किकचा धक्का आणि ढोलाचा घुमारा नेमका त्याच्या आसपास.

माझी खुर्ची होती खोलीच्या मधोमध, आणि हा आवाज सगळ्यांत दुबळा पडतो तोही मधोमधच. म्हणजे मला बेस ऐकूच येत नव्हता. मी तो वाढवत गेलो. सब-वूफरही वाढवला. तोच बेस भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंना मात्र व्यवस्थित ऐकू येत होता. ते गाणं मित्राच्या गाडीत लावलं तेव्हा दाराचे पत्रे थरथरले आणि गाणारीचा आवाज कुठे गेला ते कळेना.

मग अंड्यांचे ट्रे. ते भिंतीला चिकटवत असताना आईनं विचारलं, "पोल्ट्री काढतोयस का?" ट्रे वरच्या पट्टीतला खणखणाट जरासा मऊ करतात, एवढंच. ५६ हर्ट्‌झच्या लाटेची लांबी सहा मीटर. तिला पुठ्ठा काय अडवणार? त्यासाठी कोपऱ्यांत कित्येक इंच जाडीचं रॉकवुल लागतं. शेवटी उपयोगी पडलं ते फुकटचं: खुर्ची भिंतीकडे सरकवली, मागे दोन गोधड्या टांगल्या, सब-वूफर बंद केला आणि बेसचा निर्णय हेडफोनवर घ्यायला लागलो. स्पीकरच्या निम्म्या पैशांत चांगला हेडफोन आला असता, आणि हेडफोनला खोली लागत नाही.

माइकच्या बाबतीतही तेच. स्वस्तातला कंडेन्सर घेतला, कारण तो सोनेरी जाळीचा आणि दिसायला स्टुडिओतल्यासारखा. कंडेन्सर बारीकसारीक सगळं टिपतो म्हणतात, ते खरंच आहे. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये पंखा होता, खालच्या मजल्यावरचा कुकर होता, आणि मधूनमधून गाणंही होतं. शिवाय अशा माइकला ऑडिओ इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. मी तो लॅपटॉपच्या जॅकमध्ये खुपसून आवाज बारीक का येतो म्हणून वैतागत होतो. हलगी वाजवणारा मित्र आला तेव्हा तर कमालच झाली. त्यानं गच्चीवर हलगी शेकून आणली, पहिली टिपरी मारली आणि पडद्यावरची रेघ वरून-खालून सपाट कापली गेली. साधा डायनॅमिक माइक, बँडवाले धरतात तसला, या खोलीला आणि त्या हलगीलाही पुरला असता.

पुढे इंटरफेस घेतला. त्यानंतरची चूक जास्त महाग, कारण ती चुकीच्या निदानाची होती. हलगीवाला म्हणाला, "मी वाजवतोय ते मला उशिरा ऐकू येतंय." मी लॅपटॉपला दोष दिला, रॅम वाढवली, शेवटी लॅपटॉपच बदलला. उशीर जिथल्या तिथे. दोष बफरचा, म्हणजे आवाजाचे नमुने पुढे जाण्याआधी थांबतात त्या साठ्याचा होता. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या वेगाला १०२४ चा बफर ठेवला तर नुसत्या तेवढ्यानेच २३ मिलिसेकंद जातात; आत येताना वेगळे, बाहेर जाताना वेगळे. १२८ वर आणला की तीनच्या आत. पण विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर तो एवढा खाली आणला की तडतड व्हायची, त्यासाठी इंटरफेसचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर टाकायला हवा होता. तो कंपनी फुकट देते. मी डब्यातला कागद वाचला नव्हता.

सॉफ्टवेअरची गोष्ट लाजेची आहे, थोडक्यात सांगतो. मित्राच्या पेनड्राइव्हवरून चोरीचं आणलं, त्याबरोबर आणखी काय काय आलं, आणि एका सकाळी कुठलाच प्रोजेक्ट उघडेना. रीपर साठ दिवस पूर्ण वापरून बघायला मिळतं आणि घरगुती परवाना साठ डॉलरला. जेवढ्यात मी लॅपटॉप साफ करून घेतला, त्याहून फार जास्त नाही. एफएल स्टुडिओ एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या मोफत. आता मागे बघता वाटतं, मी पैसे वाचवत नव्हतो, नुसता अधीर होतो.

हे सगळं घरात घडलं. गावात, चुलतभावाच्या हळदीत जे घडलं ते शंभर माणसांसमोर. मी संबळाचा एक रिमिक्स बनवला होता. हेडफोनवर संबळ डोक्याभोवती फिरायचा, त्यासाठी 'वायडनर' प्लगइन पार शेवटापर्यंत ओढला होता. गाणं लागलं. किक आली, टाळ्या आल्या, संबळ नाहीच. साउंडवाले मामा धावत आले. "पेनड्राइव्ह गंडलाय का रे?"

पेनड्राइव्ह ठीक होता. हे असले प्लगइन आवाज रुंद करताना एका बाजूची लाट उलटी करू शकतात. डावं-उजवं वेगळं राहिलं तर कानाला ते भव्य वाटतं. दोन्ही एकत्र झालं की लाट लाटेला खाऊन टाकते. आणि मामांच्या डॉल्बीत दोन्ही एकत्रच होतं. "आमच्याकडं सगळं मोनो. निम्मं पब्लिक डाव्या बेसपाशी नाचतंय, त्याला उजवीकडचं कसं ऐकू येणार?" मामांचं गणित बिनतोड होतं. मी इतके दिवस ज्यावर काम करत होतो त्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये मोनो करून ऐकायची सोय असते. मी ती वापरलीच नव्हती. नवऱ्याकडच्या मंडळींनी दुसरं गाणं लावायला सांगितलं, ते लावलं.

डीजेचं भूत त्याच रात्री मानगुटीवर बसलं, मामांचं बघून. कंट्रोलर घेतला तो सगळ्यांत स्वस्त, दिव्यांचा. डीजेला दोन आवाज वेगळे लागतात: एक लोकांना, दुसरा स्वतःच्या कानात, पुढचं गाणं जुळवायला. माझ्या कंट्रोलरमध्ये साउंडकार्डच नव्हतं. लॅपटॉपला एकच जॅक. दुभागी वायर लावून डावा लोकांना आणि उजवा मला. निदान मोनोची भीती आता राहिली नव्हती. 'मिक्स' हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर लॅपटॉपच्या कीबोर्डवर चालवून दोन महिने हात बसवला असता, तर काय घ्यायचं ते कळलं असतं.

आता साउंडकार्डवाला जुना कंट्रोलर घेतलाय. त्यावरचं, दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं सिंकचं बटण चिकटपट्टीनं झाकलंय. कॅसेटच्या काळातली लोकगीतं माणसांनी वाजवलेली. कडव्यात लय चढते, धृपदाला सैलावते, आणि सॉफ्टवेअरनं आखलेली सरळ रेघ तिसऱ्या ओळीलाच सुटते. कोळीगीतांच्या सहाच्या ठेक्यात तर ते दोन मोजायचे की तीन यातच अडकतं आणि शंभरचं गाणं दीडशेचं दाखवतं. ही कानानंच धरावी लागतात. कॉम्प्युटरवर बनलेलं नवं गाणं असलं की मात्र पट्टी उचलून बटण दाबतो.