अक्षरांच्या पोटात पातं ओवताना

लाकडाची नावपाटी कापणं म्हणजे करवत चालवणं, असं बघणाऱ्याला वाटतं. आमच्या घरी मात्र निम्म्याहून जास्त वेळ करवत थांबलेली असताना जातो. ‘बरकत’ हा शब्द घ्या. ‘ब’च्या पोटात तिरक्या रेघेमुळे दोन घरं होतात, ‘क’च्या पोटात एक. ती आतली घरं आधी कोरायची, बाहेरची रेघ सगळ्यांत शेवटी. प्रत्येक घरात बारीक भोक पाडायचं, यंत्रातल्या पात्याचं वरचं टोक सोडवायचं, भोक त्या टोकावर येईल अशी पाटी वरून खाली आणायची, टोक वर डोकावलं की चिमट्यात आवळायचं आणि ताण द्यायचा. घर कोरून झालं की पुन्हा सोडवायचं, पुढच्या घरात ओवायचं. आठ बाय आठ घरांची जाळी असेल तर हेच ६४ वेळा.

साताऱ्यात आमच्या पडवीत अब्बांचं हे काम चालतं. पातं पाच इंच लांब, रुंदीला जेमतेम मिलिमीटरभर. काही पात्यांच्या टोकांना आडव्या खिळी असतात. ती बसवायला सोपी, पण त्यांना पाच मिलिमीटरचं भोक लागतं, आणि लहान अक्षरात एवढं भोक पाडलं तर अक्षरच राहत नाही. म्हणून आमच्याकडे बिनखिळीची पाती. दात नेहमी खाली तोंड करून. उलटं बसलं तर पातं पाटीलाच उचलून आपटतं.

मराठी शब्द शिरोरेघेला लटकलेला असतो, त्यामुळे अख्खा एका तुकड्यात निघतो. अरबी-उर्दूचं तसं नाही. बिस्मिल्लाहचे चार नुक्ते सुटे पडतात, ते डबीत जपून ठेवायचे आणि मग जागेवर चिकटवायचे. कलमा-ए-तय्यबात मात्र एकाही अक्षराला नुक्ता नाही. आम्ही तो लहानपणापासून म्हणत आलो, पण हे आम्हाला कळलं ते कापताना. तिथे सांभाळायची ती मीम आणि वावची पोटं.

दोन वर्षांपूर्वी शुगरमुळे अब्बांच्या डोळ्यांचा पडदा बिघडला. डॉक्टर म्हणाले, आहे ती नजर टिकवायची. जाड काळ्या पेनाने रेघ मारून दिली तर अब्बा आजही कापतात, हात पक्का आहे. अडतं ते ओवण्यापाशी. पाटी वर, पात्याचं टोक तिच्याखाली. चांगल्या नजरेलाही दिसत नाही. ‘बेटा, जरा इकडे’ अशी हाक आली की आम्हा दोघींपैकी एक भाकरी किंवा पुस्तक सोडून पडवीत जायची. दिवसातून तीस-चाळीस वेळा. आम्हाला त्याचं काही नव्हतं, पण प्रत्येक हाकेगणिक त्यांचा आवाज उतरत गेला, तो आम्हाला ऐकू येत होता.

वाट सापडली ती मोठ्या आपाच्या सासरी, मिरजेत. तिथले शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचं काम कमी झालं तसे १९ व्या शतकात ते सतारी आणि तंबोरे करू लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आपाच्या ओळखीचे एक म्हातारे चाचा तंबोऱ्याची जवारी लावतात. घोडी किंचित घासायची, तारेखाली सुताचा धागा सरकवत न्यायचा, आवाज खुलला की थांबायचं. चाचांना चष्म्याशिवाय ताटातलं दिसत नाही, पण जवारी कानावर आणि बोटावर चालते. आपाने हे फोनवर सांगितलं. अब्बा ‘हं’ एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाड बिट मागितला आणि पाटी उलटी करून प्रत्येक भोकाच्या तोंडाशी तो दोन फेरे फिरवला. तोंड वाटीसारखं झालं. आता टोक जवळपास कुठेही टेकलं तरी घसरून आपोआप भोकात जातं. डावं बोट वर भोकावर ठेवायचं. टोक टोचलं की ओवलं. वाटी जाणाऱ्या लाकडात पडते, त्यामुळे अक्षराला इजा नाही. पहिल्या दिवशी बोटाच्या पेराची चाळणी झाली. अम्माने शिवणकामाचं अंगुस्तान दिलं, ते त्यांनी परत केलं. त्यातून टोक कळत नाही म्हणे.

बाजारात लेझरवर कापलेल्या पाट्या मिळतात, स्वस्त आणि झटपट. त्यांना भोक लागत नाही, ओवणं नाही. कडा मात्र जळून काळ्या पडतात. तरी गिऱ्हाईक त्याच जास्त नेतं, आणि प्रत्येकाला खिसा पाहावाच लागतो.

आमच्यापैकी एकीचं लग्न सांगलीत ठरलंय, ईदनंतर. दुसरी नर्सिंगसाठी पुण्याला जाणार. ओवण्याचं अब्बांनी सोडवलं, पण भोक कुठे पाडायचं हे अजून डोळ्यांचंच काम आहे. म्हणून रात्री जेवणं झाली की आम्ही पाट्यांवर अक्षरं काढून भोकं पाडून ठेवतो. ‘रहमत मंजिल’, ‘नूर’, ‘आशियाना’, कुणाकुणाची आडनावं. आतापर्यंत सतरा झाल्या. अम्मा त्या जुन्या ओढणीत गुंडाळून कपाटात ठेवते आणि अब्बांना सांगते, रोज एकच काढायची.