पाणी कुठे मुरते?

'कुठे तरी पाणी मुरते आहे,' असे आपण म्हणतो ते बहुधा माणसांविषयी. कचेरीतला हिशेब जुळेनासा झाला, ठरत आलेले लग्न एकाएकी मोडले, किंवा वाटणीवरून अबोला धरलेले दोघे भाऊ अचानक एकमेकांशी फार गोड बोलू लागले, की हे वाक्य हटकून ओठांवर येते. ते प्रथम उच्चारणारा माणूस कोकणातलाच असावा आणि त्या वेळी तो मान वर करून आढ्याकडे पाहत असावा, अशी माझी आपली समजूत आहे. कारण गळणाऱ्या घराचा पहिला धडाच हा, की पाणी जिथे टपकते तिथे ते शिरलेले नसते. ते शिरते भलतीकडे, वाशावरून गुपचूप चार हात चालत येते आणि मग आपल्याला नको असेल नेमक्या त्याच जागी येऊन खाली उडी घेते.

आम्हा रत्नागिरीकरांचा आणि पाण्याचा संबंध मोठा चमत्कारिक आहे. जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. एवढे पाणी पडून जाते कुठे? काही नद्यांवाटे धावत समुद्राला मिळते, आणि काही जांभ्यात मुरते. हा आमचा तांबडा, सच्छिद्र दगड. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या एका स्कॉटिश वैद्याने दक्षिणेत हिंडताना हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला 'लॅटराइट', म्हणजे विटेचा दगड, असे नाव दिले. खाणीत असताना तो हत्याराने सहज कापता येतो, आणि उघड्यावर वारा लागला की टणक होतो. आमची घरे, गडगे, विहिरी, सारे त्याचेच. पण या दगडाच्या पोटात पाणी ठरत नाही. म्हणून श्रावणात जिथे पाणी घरात येते तिथे वैशाखात ते विहिरीत नसते, आणि कित्येक वाड्या टँकरची वाट पाहत बसतात.

या पावसाला तोंड देण्याचे जुने शास्त्र होते. पूर्वी घरे गवताने किंवा नळ्यांनी शाकारलेली असत. नळा म्हणजे अर्धगोल गावठी कौल. हे नळे नुसते एकावर एक रचलेले. वाऱ्याने, मांजराने, वानराने सरकायचे. त्यामुळे दर वर्षी आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, कोणाला तरी घरावर चढावेच लागे. पुढे बाझेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि खाचेत खाच बसणारी ती चपटी मंगलोरी कौले हळूहळू साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. सोय मोठी झाली. पण तिच्याबरोबर एक सवय गेली. दर वर्षी वर चढण्याची निकड संपली, आणि वर चढणारी माणसे तर त्याआधीच मुंबईला गेली होती.

आमचे घर रत्नागिरीहून पावसकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत आहे. आमच्या गावाचे नाव पावस नाही, पण पावसाने तो फरक कधी मानलेला नाही. घर पणजोबांनी बांधलेले, चौसोपी म्हणण्याइतके मोठे नव्हे, पण ओटी, माजघर, पडवी, मागे खोपी, सारे काही यथास्थित. आज त्यात एकटी काकू राहते; माझ्या मधल्या काकांची पत्नी. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. बाकी आम्ही सारे डोंबिवली, पुणे, ठाणे आणि एक पुतण्या दुबईत. गणपतीला मात्र यायचे, हा नेम. मोठ्या काकांनी लहानपणी आगबोटीने येऊन पडावातून उतरण्याची मौज केलेली. माझ्या पिढीने रात्रभराच्या एस.टी.त हाडे खिळखिळी करून घेतली. आणि १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यापासून मुले झोपेतच रत्नागिरी स्टेशनावर उतरतात.

यंदाच्या येण्याला आणखी एक कारण होते. घराला गिऱ्हाईक आले होते. ओटीवरून समुद्राची एक निळी रेघ दिसते. त्या रेघेसाठी मुंबईच्या कोणी गृहस्थाने चांगली किंमत देऊ केली होती. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर आता अकरा नावे आहेत. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलींनाही मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. तेव्हा त्या अकरांत माझेही नाव आहे. काकूचे सातवे आहे. गणपती दीड दिवसाचा. तो पोचवून आला की तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी बसून काय ते ठरवायचे, असा बेत होता. काकूशी त्याविषयी कोणी बोलले होते असे मला दिसले नाही.

पहिल्या दिवशी मूर्ती आली, माटवी सजली, गुरुजींनी प्राणप्रतिष्ठा केली. उकडीचे मोदक झाले, आरत्या झाल्या. रात्री दहाच्या सुमारास पावसाने असा काही सूर धरला की शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येईना. आणि पहिला थेंब समईशेजारी पडला. दुसरा मुकुटाच्या वीतभर अलीकडे.

आता मूर्ती शाडूची. जी माती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाण्यात विरघळायची, ती आदल्या रात्रीच सर्वांसमक्ष विरघळू लागणार, या कल्पनेने सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. मोठे काका म्हणाले, "मूर्ती जरा उजवीकडे घ्या." दादा म्हणाला, "प्राणप्रतिष्ठा झाली आहे, काका. उत्तरपूजेशिवाय मूर्ती हलवायची नाही." गुरुजींना फोन लावला; त्या दिवशी त्यांच्यामागे इतकी घरे होती की फोन वाजत राहिला. पुण्याच्या चुलतभावाने छत्री उघडून देवावर धरली. दहा मिनिटांत त्याचा हात भरून आला. मुलांना हसू आवरेना, आणि हसणे बरे नव्हे हेही त्यांना कळत होते.

तोवर काकू खोपीतून दोन लांबरुंद पोफळीच्या विऱ्या आणि सुंभाचे वेटोळे घेऊन आली.

"देवाला कशाला हलवता? पाण्याला हलवा," ती म्हणाली.

दादा शिडीवर चढला. काकूने खालून सांगितले तशा त्याने दोन्ही विऱ्या वाशाखाली एकीचे तोंड दुसरीत घालून, थोड्या उतरत्या बांधल्या. थेंब विरीत पडू लागला, तिथून भिंतीकडे गेला आणि कोपऱ्यात ठेवलेल्या तांब्याच्या घंगाळात टप्पकन वाजला. काकूचे हात एकदाही चाचपडले नाहीत, हे मी पाहत होते. पहिल्यांदाच करत असलेले काम माणूस इतक्या सराईतपणे करत नाही.

ती रात्र आम्ही पाळ्या लावून जागलो. घंगाळ भरत आले की ओतायचे, विरी सरकली तर नीट करायची. एरवी जेवणे झाली की जो तो आपापल्या फोनमध्ये तोंड घालतो. त्या रात्री एकाच खोलीत, एकाच थेंबाकडे पाहत, तीन पिढ्या बसल्या होत्या. मोठ्या काकांनी लहानपणी याच माजघरात गोवराने पडून वासे मोजल्याची हकीकत सांगितली. ते एकोणीस होते म्हणाले. मुलांनी मोजले, एकोणीसच भरले. घर फिरले म्हणजे घराचे वासेही फिरतात म्हणतात. आमचे अजून जागेवर होते.

सकाळी पाऊस उघडला आणि वाडीतले आबा आले. सत्तरीचे गृहस्थ, आमच्या घराची शाकारणी त्यांच्या वडिलांपासून त्यांच्याकडे. गुडघा धरून, पण चढले. आम्ही सारे अंगणात माना वर करून उभे. देवावर जिथे गळत होते तिथली कौले त्यांनी उचलून पाहिली, साबूत होती. मग पाख्यावरून सरकत ते पार दुसऱ्या टोकाला गेले आणि म्हणाले, "हितं हाय! पानी गळतं तिथं भोक नसतंय, ताई!"

त्या टोकाला पंचवीस वर्षांपूर्वी स्वयंपाकघराला लागून सिमेंटच्या गच्चीच्या दोन खोल्या नि न्हाणीघर बांधले होते. ते पुण्याच्या चुलतभावाच्या वडिलांनी. जुने कौलारू पाखे जिथे त्या नव्या भिंतीला टेकते तिथे पत्र्याची पन्हळ आहे. ती फणसाच्या पानांनी गच्च भरली होती. वानरांनी शेजारची आठ-दहा कौलेही फोडली होती. तुंबलेले पाणी कौलांखाली शिरत होते आणि वाशावरून चालत माजघरात येत होते.

वाटणीपत्र पेटीतून निघाले. जुने घर सामाईक. नव्या खोल्या चुलतभावाच्या. पन्हळीचा उल्लेख कुठेच नव्हता. ती या घराचीही नव्हती आणि त्या घराचीही नव्हती. गेली कित्येक वर्षे तिच्यातली पाने कोणी काढायची हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता.

आबा खाली उतरून चहा घेताना सहज बोलून गेले, "काकूंनी जूनलाच बोलावलं व्हतं. पन माझा गुडघा, आनि पोरगा मुंबईला."

मोठे काका काकूकडे वळले. "म्हणजे जूनपासून गळतंय? अगं, मग एक फोन करायचास."

काकू वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "केला असता, भावजी. पण मग तुम्ही कौलं नसती पाहिलीत. गिऱ्हाईक पाहिलं असतंत."

कोणी काही बोलले नाही. बोलण्यासारखे नव्हतेच. दोन महिने ती बाई एकटी रात्री उठून घंगाळ ओतत होती. घर गळते ही बातमी बाहेर गेली तर घरच जाईल, म्हणून तिने ती आपल्यापाशी मुरवली होती.

मला त्या वेळी तिवऱ्याच्या धरणाची आठवण झाली. आमच्याच जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यात, २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले आणि वीसच्या आसपास माणसे गेली. धरणाला गळती आहे हे गावकरी आधीपासून सांगत होते. एका घराच्या थेंबाची त्या रात्रीशी तुलना करू नये हे मला कळते. पण गळतीचा स्वभाव लहान घरात आणि मोठ्या बांधात एकच असतो. ती ज्याच्या डोक्यावर पडते त्याला दिसते, आणि जिथून निघते तिथे कोणी राहत नाही.

संध्याकाळी गणपती पोचवला. मुकुटाचा एक टवकाही उडाला नव्हता. तिसऱ्या दिवशी बैठक झाली ती आधी पन्हळीवर झाली. गोठ्यामागे जुन्या कौलांची चळत होती. त्यातून फुटकी बदलली. खर्चाचे अकरा भाग झाले आणि दर वर्षी आगोटीला कोणी यायचे त्याची यादी भिंतीवर लागली. दुबईच्या पुतण्याने फोनवरून पहिला नंबर मागून घेतला. तो येतो की नाही ते वैशाखात दिसेल. मग विक्रीची गोष्ट निघाली. मी एवढेच म्हणाले, की कागदावर किमतीच्या आकड्याच्या आधी काकू कुठे आणि कशी राहणार ती ओळ लिहा, आणि ती ओळ काकूला विचारून लिहा; तोवर माझी सही मिळणार नाही. दादा माझ्याकडे जरा चमकून पाहू लागला. मोठे काका म्हणाले, "ताई म्हणते ते बरोबर आहे. आता मे महिन्यात बघू." घर राहिले असे मी म्हणत नाही. सात-आठ महिन्यांची मुदत मिळाली. कोकणातल्या पुष्कळ घरांना आज तेवढीही मिळत नाही.

निघताना आबांनी एक गोष्ट सांगितली ती वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते. गळती पावसात शोधू नये. पाऊस सरला, आकाश निवळले, की भर दुपारी दारे-खिडक्या लावून घरात अंधार करावा आणि वर पाहावे. जिथून पाणी शिरते तिथूनच ऊन शिरते. पाणी आडवळणाने येते नि फसवते. ऊन सरळ येते आणि भोक कुठे आहे ते नेमके दाखवते. जमिनीवर जिथे कवडसा पडेल तिथून वर नजर न्यावी आणि त्या कौलाखालच्या वाशावर खडूने खूण करावी. आगोटीला माणूस वर चढेल तेव्हा त्याला शोधावे लागत नाही.

या कामाला दिवाळीसारखे दिवस नाहीत, असे आबा म्हणाले. घरात सगळी माणसे असतात, आणि ऊन स्वच्छ असते.