दीड मैलाचा प्रवास

प्रवासाची हौस मला लहानपणापासून आहे. हंपी पाहिली, रामेश्वर पाहिले, हरिद्वारला गंगेत बुडी मारून पुण्याबरोबर सर्दीही पदरात पाडून घेतली. पण बिबवेवाडीत चौदा वर्षे बिऱ्हाड असूनही घरापासून दीड मैलावर असलेले अप्पर मी पाहिले नव्हते. ते गेल्या चैत्रात पाहिले, आणि तेही मांडीवर एक संगणक घेऊन.

अप्पर म्हणजे अप्पर इंदिरानगर. स्वारगेटहून सातारा रस्त्याने निघालेली बस डावीकडे बिबवेवाडीत वळते आणि पुढे चढाला लागते. पुष्पमंगल चौकाच्या आसपास आम्ही सोसायटीवाले पिशव्या सावरीत उतरून जातो. गाडीतली निम्मी माणसे मात्र बसलेलीच असतात. ती वर जाणारी. ती डोंगराच्या बाजूला उंचावर राहतात म्हणून त्यांची वस्ती अप्पर, एवढेच. बाकी वरचे कोण आणि खालचे कोण, हे जगाने नेमके उलटे ठरवून ठेवले आहे.

गावाच्या नावातच बिबवा आहे. बिबव्याचे तेल अंगाला लागले तर कातडी उतते, परीट त्याच्याच डागाने कपड्यांवर खुणा करीत, आणि त्याच्याच पोटातली गोडंबी आपण डिंकाच्या लाडवांत आवडीने घालतो. वरून पाहून आतले काही कळत नाही, असा धडा ज्या फळाने द्यावा, त्याच्या नावाच्या गावात राहूनही मला तो चौदा वर्षे कळला नव्हता.

झाले असे. आमची मुलगी ॲनिमेशन शिकते. म्हणजे काय, हे तिने मला तीनदा समजावून सांगितले आहे. परीक्षेसाठी तिला एक मिनिटाचा चित्रपट करायचा होता. एका सेकंदाला २४ चित्रे, म्हणजे मिनिटाला १४४० चित्रे. ती आखायची तिने, पण प्रत्येक चित्रातला उजेड, सावली, पाण्यातले प्रतिबिंब हे सगळे गणित संगणकाने करायचे. आमच्या संगणकाला एका चित्राला वीस मिनिटे लागत. आमच्या हिने भाजी चिरता चिरता हिशेब केला: रात्रंदिवस चालला तरी वीस दिवस. आणि चित्रपट द्यायला उरले होते बारा.

हा संगणक मीच आणला होता. सुटे भाग घेऊन जोडून घेण्याची कटकट नको म्हणून कंपनीचा तयार, बंद डबा. शिवलेला सदरा घ्यावा तसा. त्याचा मला अभिमानही होता. मुलगी म्हणाली, "बाबा, आपल्याला ग्राफिक्स कार्ड घालावे लागेल." मध्यवस्तीतल्या एका दुकानदाराने एक कार्ड दिले. घरी येऊन डबा उघडला, तर कार्ड डब्याहून लांब, आणि कार्डाला जी वीज लागते ती देणारी तारच आत नाही! दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "एक जोडतार मिळते, ती लावा आणि मोकळे व्हा." मुलगी त्या रात्री जेवली नाही.

तेव्हा आमच्या दूधवाल्याने अप्परच्या एका मुलाचे नाव सांगितले. "जरा वर आहे," तो म्हणाला, "पण हात चांगला आहे."

संगणक जुन्या चादरीत गुंडाळून आम्ही बापलेक रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिले. आजारी माणूस नेतो आहोत, असे त्याला वाटले असावे, कारण त्याने खड्डे फार जपून चुकविले. चढ लागला तसे रस्ते अरुंद झाले, घरे एकमेकांना खेटून उभी राहिली. इथेच विश्वकर्मा इन्स्टिट्यूट आहे, १९८३ साली निघालेले. गावोगावची मुले इंजिनियर व्हायला या चढावर येतात. त्यांच्यासाठी चहा, झेरॉक्स आणि खानावळी. जवळच ओटा नावाची वसाहत. दुकान तिथेच, जिन्याखाली. एका टेबलावर उघडी यंत्रे, भिंतीला पेचकस ओळीने लावलेले, आणि त्यावर तुकोबांचे चित्र.

आत बसलेला तरुण एकदम उभा राहिला. "सर, तुम्ही?"

मी ओळखले नाही. मास्तरांना ओळखणारे पुष्कळ असतात, मास्तरांच्या लक्षात राहिलेले थोडे. त्याने ते जाणले आणि मुकाट्याने डबा उघडायला घेतला.

मग त्याने जे सांगितले ते मला माझ्या धंद्याच्या भाषेत समजले. संगणकाचा मुख्य प्रोसेसर म्हणजे एक फार विद्वान परीक्षक, नाहीतर फार तर सहा-आठ परीक्षक. कोणताही अवघड प्रश्न सोडवतील, पण गठ्ठा मोठा असला की दिवस मोडतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे हजारो साधे परीक्षक. आम्ही घेतलेल्या आरटीएक्स ३०६० कार्डात ते ३५८४ आहेत. प्रत्येकाने एकच लहानसा प्रश्न तपासायचा, पण सगळ्यांनी एकदम. मला १९९१ सालच्या पुण्याच्या परम ८००० ची आठवण झाली. अमेरिकेने महासंगणक द्यायला नकार दिला, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक निघाली, आणि विजय भटकरांच्या पुढाकाराने लहान लहान प्रोसेसर एकजुटीने कामाला लावून तो महासंगणक उभा राहिला. एका मल्लाऐवजी पुष्कळ हात! ते तत्त्व आता मुलांच्या खेळांसाठी निघालेल्या या कार्डातही आहे.

"पण सर," तो म्हणाला, "एवढ्या माणसांना जेवायला नको का?"

डब्याच्या कोपऱ्यातली एक पत्र्याची पेटी त्याने बोटाने वाजविली. हा वीजपुरवठा. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन ही पेटी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची करून वाटते. तिच्यावर लिहिले होते १८० वॉट. कंपनीने डब्यात जेवढी माणसे बसविली तेवढ्यांपुरताच शिधा भरला होता. प्रोसेसरला ६५, नव्या कार्डाला १७०, बाकीच्यांना ५० धरले तरी २८५ झाले. कार्ड ज्या खाचेत बसते ती खाच फार तर ७५ वॉट देते. बाकीची वीज वेगळ्या तारेने यावी लागते, आणि तीच तार नव्हती.

"मग ती जोडतार?" मी विचारले.

त्याने मान हलविली. "ती हार्ड डिस्कच्या तारेला लावतात. ती तार १२ व्होल्टवर ५४ वॉटपर्यंत सोसते. ह्या कार्डाची जोडणी १५० पर्यंत मागू शकते. तार तापते, जोड वितळतो. तुमचं यंत्र रात्रभर चालणार, तुम्ही झोपलेले असणार. मी नाही लावणार, सर."

त्याने ५५० वॉटची पेटी काढली. गरज २८५ ची असता ५५० कशाला, असे मी मध्यमवर्गीय स्वभावाने विचारलेच. कार्ड क्षणभरासाठी नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज ओढते, आणि पेटीलाही निम्म्या भारावर काम करणे मानवते, असे त्याने सांगितले. कंपनीच्या डब्यातल्या मुख्य पाटीची जोडणीही जगावेगळी निघाली. नेहमीच्या २४ टोकांऐवजी १० टोकांची. त्यासाठी मात्र नेमकी जोडतार मिळते, ती त्याच्याकडे होती. कार्डाची लांबी आडवी येत होती, म्हणून त्याने डिस्क ठेवायच्या कप्प्याचे रिव्हेट ड्रिलने उडविले. जुन्या पेटीला मात्र हात लावू दिला नाही. तार काढल्यावरही तिच्या पोटात वीज साठून राहते, म्हणून ती उघडायची नसते.

तेवढ्यात वरून त्याची आई चहा घेऊन आली. मी घराचे कौतुक केले. दोन मजले, वर गच्ची. ती हसली. "आम्हाला मिळाला तवा नुसता ओटा हुता. भिंती आम्ही घातल्या, पत्रा टाकला. वरचा मजला ह्यानं चढवला." पालिकेने जोते करून दिले, बाकीचे घर ज्याने त्याने आपल्या ताकदीने वाढवायचे. म्हणून त्या वसाहतीचे नावच ओटा. मी माझा तयार डबा आठवला आणि गप्प राहिलो.

मग ती मुलाकडे पाहून म्हणाली, "हे तुझ्या कॉलेजातलेच सर ना? बारावीला लई झोपायचा म्हनून..."

"आई, राहू दे," तो म्हणाला.

आणि मला तो एकदम आठवला. सकाळी आठचा तास, शेवटचा बाक, टेबलावर टेकलेले डोके. मी म्हटले होते, "झोपायचेच असेल तर घरी झोप. इथे येण्याचे कष्ट घेऊ नकोस." वर्ग हसला होता. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मला बरेच वाटले होते.

"त्याचे वडील त्याच साली गेले," आई सांगत होती. "रात्री दोनला मार्केट यार्डात जायचा. भाजीच्या गाड्या उतरवून तसाच कॉलेजला."

चहा गरम होता म्हणून मी बशीकडे पाहत बसलो. तो म्हणाला, "तुमचं बरोबर होतं, सर. मी झोपायचोच." आणि शेवटचा स्क्रू पिळू लागला. माफी मागण्याइतका धीर मला झाला नाही. निघताना एवढेच विचारले, "परीक्षा बाहेरून देता येते. मराठीचे मी पाहीन. देशील?" तो म्हणाला, "बघू, सर." मजुरी मात्र त्याने पूर्ण घेतली. ते मला आवडले.

त्या रात्री आमच्या घरात पंख्याची मंद घरघर चालू होती. एका चित्राला आता दोन मिनिटे लागत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीने आम्हाला उठवून मिनिटभराचा चित्रपट दाखविला. पावसात भिजलेले एक कुत्रे चहाच्या टपरीखाली येऊन बसते, एवढेच. मी तो चारदा पाहिला.

तो मुलगा जुलैपासून रविवारी सकाळी आमच्याकडे येतो. व्याकरणात कच्चा आहे, निबंध बरा लिहितो.

आणि वर्गात कोणी पेंगताना दिसला, तर हल्ली मी तास संपल्यावर त्याला बाजूला घेऊन विचारतो, "रात्री कुठे असतोस?" परवा एकाने प्रामाणिकपणे सांगितले, "सर, मोबाइलवर क्रिकेट बघत होतो." असो. विचारायला काय हरकत आहे?