तीस मशीन आणि एक अर्धविराम

मी पडले कॉन्व्हेंटची. 'एकोणसत्तर' म्हणजे नक्की किती, हे अजून आईला फोनवर विचारते. तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या!

तर झालं असं. प्रॅक्टिकलच्या आधी लॅबमधले काका म्हणाले, "तीसही मशीनवरचं टेंप फोल्डर साफ कर गं." म्हणजे लॉगिन, पासवर्ड, कमांड, लॉगआउट... तीस वेळा! मी जन्माची आळशी. आधी 'एक्स्पेक्ट' आठवलं. डॉन लिब्स यांनी १९९० मध्ये लिहिलेलं हे टूल स्क्रीनवर 'पासवर्ड' शब्द यायची वाट बघतं आणि आपल्याऐवजी स्वतःच तो टाकतं. पण मग पासवर्ड स्क्रिप्टमध्ये उघडा पडतो. म्हणून एसएसएचच्या कीची जोडी बनवली. पब्लिक की प्रत्येक मशीनवर, प्रायव्हेट की माझ्याकडे. ती ठेवताना तीसदा पासवर्ड टाकला, पण शेवटचाच. मग एक 'फॉर' लूप, आत दोनच कमांड: टेंपमध्ये जा, तिथलं सगळं पूस. दोन मिनिटांत काम फत्ते! काकांनी चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी आउटपुट नीट वाचलं. सतरा नंबरच्या मशीनवर एक ओळ होती: असं फोल्डरच नाही. पोटात गोळा आला. दोन कमांडच्या मध्ये मी सेमीकोलन, म्हणजे आपला अर्धविराम, दिला होता. पहिली कमांड फसली तरी शेल दुसरी चालवतोच. टेंप नाही, मग होम फोल्डरमध्येच उभं राहून त्याने सगळं पुसलं. आणि तिथे सेकंड इयरच्या एका मुलाचा प्रोजेक्ट होता.

खरं सांगते, गप्प बसावंसं वाटलं. मशीन क्रॅश झालं म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण रात्री मेसमध्ये घास उतरेना. सकाळी जाऊन सांगून टाकलं. तो बराच वेळ काही बोललाच नाही. त्याच्या पेन ड्राइव्हवर बारा दिवसांपूर्वीची कॉपी निघाली. रेक्टर मॅडमची परवानगी काढून चार संध्याकाळी मी त्याच्यासोबत लॅबमध्ये बसले. शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "ताई, मी तर व्हायरसच समजलो असतो."

आता अर्धविरामाच्या जागी दोन अँपरसँड देते. पहिली कमांड जमली तरच दुसरी चालते. शिवाय आधी एकाच मशीनवर, पुसायच्या फाइल्सची नुसती यादी छापून बघते. आळशीपणा चालतो हो, पण आउटपुट वाचायचा आळस नको!